मोकळ्या चित्रांच्या बंद खोल्या

आधी विषय न ठरवता, समोर नमुना न ठेवता, हाताला येईल तो रंग घ्यायचा आणि मनात जे उठेल ते कागदावर उतरू द्यायचे, या रीतीला उत्स्फूर्त किंवा अंतःप्रेरित चित्रण म्हणतात. चित्र देखणे व्हावे ही त्यात अट नसते. भीती, शोक, राग, जुनी आठवण यांना काही आकार मिळावा आणि तो काढणाऱ्याला स्वतःपासून थोडे दूर ठेवून पाहता यावा, एवढीच अपेक्षा असते. या रीतीचा इतिहास साधारण सव्वाशे वर्षांचा आहे. तो बहुधा बंडखोर चित्रकारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तिची जडणघडण मुख्यतः मुलांचे वर्ग, मनोरुग्णालये आणि अनाथाश्रम अशा ठिकाणी झाली. अशा प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काही गोष्टी ठरवून दिल्या होत्या : कागद केवढा, रंग कोणते, कोणी बोलायचे, कोणी गप्प राहायचे, पूर्ण झालेले चित्र कोणी ठेवून घ्यायचे. हात मोकळा सुटावा म्हणून खोलीला नियम लागले, आणि त्या नियमांची छाप चित्रांवरही पडली.

एकोणिसाव्या शतकात चित्रकला शिकायची म्हणजे नक्कल करायची, हे युरोपात गृहीत होते. विद्यार्थी आधी छापील रेखाटने गिरवी, मग प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश शिके, आणि पुढे कधीतरी जिवंत माणूस समोर बसवून काढू लागे. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेतही ब्रिटिश वळणाची हीच शिस्त आली. शाळकरी मुलांच्या वाट्याला भौमितिक आकृत्या आणि नक्षीचे नमुने येत. चित्र काढणाऱ्याला आतून काय वाटते याला या शिक्षणात जागाच नव्हती.

पहिला ठळक बदल व्हिएन्नात झाला. बोहेमियातून तिथे कला शिकायला आलेल्या फ्रान्त्स चिझेक याने १८९७ मध्ये मुलांसाठी एक चित्रवर्ग उघडला. मुले मोठ्यांचे बघून शिकतात त्यापेक्षा त्यांचे स्वतःचे चित्र वेगळे आणि पूर्ण असते, असे त्याचे मत होते. तो मुलांपुढे नमुना ठेवत नसे, चुका दुरुस्त करत नसे. साहित्य मात्र विपुल देई. कात्री, रंगीत कागद, खडू, माती, ठसे कोरण्याचे लिनोलियम असे सारे तिथे असे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये त्याच्या विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन लंडनला भरले, आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या शिक्षकांवर त्याचा मोठा परिणाम झाला. मात्र काही टीकाकारांना त्यात एक विसंगती दिसली. मोकळी सोडलेली मुले एकमेकांसारखीच, व्हिएन्नाच्या त्या काळच्या अलंकारिक शैलीत चित्रे काढत होती. साहित्याची निवड, भिंतीवरची आधीची चित्रे आणि शिक्षकाची पसंती या गोष्टी न बोलताही शिकवत होत्या. उत्स्फूर्त चित्रणाच्या पुढच्या प्रत्येक प्रयोगावर हाच आक्षेप पुन्हा पुन्हा आला.

याच सुमारास प्रौढ चित्रकारही बाहेरच्या दृश्यापासून आत वळू लागले होते. वासिली कँडिन्स्कीने १९०९ पासून आपल्या काही चित्रांना ‘इम्प्रोव्हायझेशन’ असे नाव दिले. बाह्य निसर्गाचा ठसा, आतून अचानक उमटलेली अभिव्यक्ती आणि विचारपूर्वक बांधलेली रचना असे तीन प्रकार त्याने पाडले होते. इम्प्रोव्हायझेशन हा त्यांतला दुसरा. स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग १९१३ पासून स्वतःवरच प्रयोग करत होता. जागेपणी मनात उठणाऱ्या प्रतिमांना वाट करून द्यायची, त्या लिहायच्या, रंगवायच्या, आणि मग त्यांच्याशी संवाद साधायचा, अशी त्याची पद्धत होती. त्यातून सिद्ध झालेली सचित्र वही ‘रेड बुक’ या नावाने थेट २००९ मध्ये प्रकाशित झाली. पण आपल्या रुग्णांना चित्रे काढायला सांगण्याची प्रथा युंगने खूप आधीच सुरू केली होती, आणि ती त्याच्या शिष्यांमार्फत पसरली.

मनोरुग्णालयांतल्या चित्रांकडे गांभीर्याने पाहण्याचे श्रेय हायडेलबर्गच्या हान्स प्रिन्झहॉर्नकडे जाते. त्याचे शिक्षण कलेतिहास आणि वैद्यक या दोन्हींत झाले होते. १९१९ ते १९२१ या काळात त्याने जर्मन भाषक प्रदेशातल्या अनेक संस्थांना पत्रे लिहून रुग्णांची चित्रे मागवली. सुमारे ४५० रुग्णांच्या जवळपास ५,००० कलाकृती जमल्या. त्या रुग्णांतल्या बहुतेकांना कोणी चित्रे काढायला सांगितले नव्हते. मिळेल त्या कागदावर, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, कापडावर त्यांनी ती केली होती. १९२२ मध्ये प्रिन्झहॉर्नचे या विषयावरचे ग्रंथरूप विवेचन निघाले. चित्रावरून रोग ओळखण्यात त्याला रस नव्हता. आकार घडवण्याची ओढ प्रत्येक माणसात असते आणि ती शिक्षणाविनाही प्रकट होते, हे त्याला दाखवायचे होते.

त्याच वर्षी चित्रकार मॅक्स एर्न्स्टने हे पुस्तक पॅरिसला नेले. तिथे जमू लागलेल्या अतिवास्तववादी मंडळींमध्ये ते हातोहात फिरले. आंद्रे ब्रेताँने १९२४ च्या जाहीरनाम्यात बुद्धीचे नियंत्रण नसलेल्या लेखनाचा पुरस्कार केला, आणि आंद्रे मासाँने तेच रेषेत करून पाहिले. लेखणी कागदावर न थांबता फिरू द्यायची. त्या गुंत्यातून पक्षी, हात किंवा माणसाचे शरीर दिसू लागले की तेवढे पुढे न्यायचे. एर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळीवर कागद ठेवून वर पेन्सिल घासण्याचे तंत्र वापरले आणि उमटलेल्या रेघांतून जंगले आणि प्राणी शोधले. मात्र या चित्रकारांना स्वतःच्या दुःखाचा उलगडा करण्यापेक्षा कलेची भाषा बदलण्यात अधिक रस होता.

प्रिन्झहॉर्नच्या संग्रहाचे पुढे जे झाले ते विसरण्यासारखे नाही. नाझी राजवटीने १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ हे प्रदर्शन भरवले. ते इतर शहरांत फिरू लागल्यावर या संग्रहातली चित्रे आधुनिक चित्रकारांच्या कामाशेजारी लावण्यात आली, दोन्ही सारखीच विकृत आहेत हे लोकांना पटावे म्हणून. संग्रहातला सर्वांत कुशल मानला गेलेला चित्रकार फ्रान्त्स कार्ल ब्यूलर हा मूळचा कलात्मक लोहारकाम करणारा कारागीर होता. १९४० मध्ये ग्राफेनेक इथे मनोरुग्णांच्या सामूहिक हत्येत त्याचाही जीव गेला.

भारतात या प्रवाहाचे सर्वांत मोठे उदाहरण रवींद्रनाथ ठाकूर. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले आणि त्यात कँडिन्स्की आणि पॉल क्ले यांची चित्रे भारतीयांना पाहायला मिळाली. रवींद्रनाथांची स्वतःची चित्रे मात्र हस्तलिखितातून निघाली. कवितेतल्या खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडताना त्यांतून चोची, मुखवटे आणि अनोळखी प्राणी उभे राहू लागले. १९२४ च्या सुमाराच्या ‘पूरबी’च्या हस्तलिखितात हे ठळकपणे दिसते. सत्तरीच्या उंबरठ्यावर ते नियमाने रंगवू लागले. बहुतेक चित्रे एका बैठकीत पूर्ण होत. शाई कुंचल्याने, चिंधीने, कधी बोटानेही पसरली जाई. मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल दालनात त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन झाले. मागे राहिलेल्या त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांवर आहे. शब्दांचा एवढा मोठा धनी असूनही चित्रांना नावे देण्याचे त्यांनी बहुधा टाळले. चित्राचा अर्थ शब्दांत बांधला जाऊ नये असे त्यांना वाटे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्स्फूर्त चित्रण रुग्णालयाच्या रोजच्या कामकाजात शिरले. इंग्रज चित्रकार एड्रियन हिल १९३८ मध्ये क्षयरोगातून बरा होत होता. ससेक्समधल्या आरोग्यधामात खाटेवर पडल्या पडल्या त्याने समोरच्या साध्या वस्तू काढायला घेतल्या. पुढे इतर रुग्णांना आणि युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना तो शिकवू लागला. ‘आर्ट थेरपी’ हे नाव १९४२ मध्ये त्यानेच रूढ केले. अमेरिकेत मार्गारेट नाउम्बर्गने १९४१ पासून न्यूयॉर्कच्या राज्य मनोचिकित्सा संस्थेत वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांसोबत काम केले. तिची बहीण फ्लॉरेन्स केन हिने गिरगटण्याचे एक तंत्र बसवले होते. आधी हाताने हवेतच मोठ्या लयबद्ध हालचाली करायच्या, मग डोळे मिटून कागदावर तशाच रेघा ओढायच्या, कागद चारही बाजूंनी फिरवून पाहायचा आणि दिसलेली आकृती रंगवून पुरी करायची. आपल्याला चित्र येत नाही असे म्हणणाऱ्यालाही यातून सुरुवात सापडे. चित्राचा अर्थ लावताना नाउम्बर्ग पुढाकार स्वतःकडे न घेता रुग्णालाच बोलते करी.

सरे परगण्यातल्या नेदर्न रुग्णालयात याहून वेगळी घडी बसली. १९४६ मध्ये चित्रकार एडवर्ड अॅडमसन तिथे चित्रांविषयी व्याख्यान द्यायला आला आणि पुढे कायमचा नोकरीला लागला. रुग्णालयाचे प्रमुख एरिक कनिंगहॅम डॅक्स यांना चित्रांचा संशोधनासाठी उपयोग करायचा होता, म्हणून अटी कडक होत्या. सर्वांना सारखाच कागद, सारखेच रंग. अॅडमसनने शिकवायचे नाही, सुचवायचे नाही, अर्थ सांगायचा नाही. प्रयोगाची शुद्धता राखण्यासाठी घातलेली ही बंधने अॅडमसनला हळूहळू वेगळ्याच कारणासाठी मोलाची वाटू लागली. मेंदूवरची लुकोटोमी शस्त्रक्रिया आणि विजेचे झटके हे त्या काळचे मान्य उपचार होते. लुकोटोमीच्या जनकाला १९४९ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. अशा रुग्णालयात, जिथे आपले काही चुकले असे कोणी म्हणत नाही, अशी जागा चित्रशाळेखेरीज दुसरी नव्हती. १९८१ मध्ये निवृत्त होईपर्यंत अॅडमसनने हजारो चित्रे जपून ठेवली. माणूस बरा होतो तो घडवण्याच्या क्रियेमुळे, अर्थ सांगितल्यामुळे नव्हे, अशी त्याची धारणा शेवटपर्यंत राहिली.

ब्राझीलमध्ये नीझे दा सिल्वेरा या डॉक्टरने जवळजवळ याच काळात स्वतंत्रपणे असाच मार्ग धरला. मार्क्सवादी पुस्तके बाळगल्याच्या तक्रारीवरून १९३६ मध्ये तिला तुरुंगात जावे लागले होते. १९४४ मध्ये ती सरकारी सेवेत परतली आणि रिओ द जानेरोच्या एंजेन्यो दि देन्त्रो भागातल्या मनोरुग्णालयात रुजू झाली. विजेचे झटके द्यायला तिने नकार दिला. तेव्हा कोणाला फारसे महत्त्वाचे न वाटणारा व्यवसायोपचार विभाग तिच्याकडे आला. तिथे रुग्णांकडून सफाईची कामे करून घेण्याची प्रथा होती. ती मोडून तिने १९४६ मध्ये चित्रशाळा सुरू केली. तरुण चित्रकार अल्मिर माव्हिन्ये तिच्या मदतीला होता. फेर्नांदो दिनिझ, आदेलिना गोमेस, कार्लोस पेर्तुइस, एमिजियो दे बारोस हे अनेक वर्षे संस्थेत अडकलेले रुग्ण इथे रंगवू लागले. भटकी कुत्री-मांजरेही या विभागात मुक्त वावरत. माणसांशी तुटलेला रुग्ण प्राण्याशी नाते जोडतो आणि तिथून परत माणसांत येतो, असे नीझेचे निरीक्षण होते.

तिच्या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये होती. पहिले, ती एकट्या चित्रावरून निष्कर्ष काढत नसे. एका माणसाची अनेक वर्षांची चित्रे तारखेच्या क्रमाने लावली की कुठला आकार परत येतो, कुठे मोडतो, कुठे जुळतो हे दिसते, आणि मनाची वाटचाल त्या मालिकेतून वाचायची असते, असे ती सांगे. दुसरे, मंडलासारख्या वर्तुळाकार आकृत्या या चित्रांत वारंवार येत. त्यांचा अर्थ समजून घेण्यासाठी तिने १९५४ मध्ये युंगला पत्र लिहिले. १९५७ मध्ये झुरिकला मनोविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही चित्रे मांडली गेली, तेव्हा प्रदर्शनाचे उद्घाटन युंगनेच केले. त्याआधी १९५२ मध्ये रुग्णालयाच्या आवारातच ‘अचेतनाच्या प्रतिमांचे संग्रहालय’ उभे राहिले होते; त्यातल्या कलाकृती आज साडेतीन लाखांच्या वर आहेत. ब्राझीलच्या आधुनिक कलेवरही या खोलीचा परिणाम झाला. आब्राहाम पालात्निक हा तरुण चित्रकार तिथली चित्रे पाहून इतका हादरला की त्याने आपले शिकलेले चित्रण सोडून दिले आणि प्रकाश व गती यांची यंत्रे बनवायला घेतली.

युरोपात चित्रकार ज्याँ द्युब्युफेने १९४५ पासून कलेचे शिक्षण न घेतलेल्या अशा कलावंतांची चित्रे गोळा करून त्यांना ‘आर्ट ब्रूत’ हे नाव दिले. तो संग्रह १९७६ पासून लोझान इथे लोकांसाठी खुला आहे. लंडनमध्ये मॅरियन मिल्नरने उलट बाजूने सुरुवात केली. ती स्वतः मानसविश्लेषक होती आणि तिला चित्र काढता येत नव्हते. ठरवून काढायला घेतलेले चित्र निर्जीव होते, आणि हात मोकळा सोडला की मनातल्या शांत भावाशी न जुळणारे, कधी भीतिदायकही काही उमटते, असे तिच्या लक्षात आले. हे अनुभव तिने १९५० च्या पुस्तकात मांडले. रुग्ण, डॉक्टर आणि चित्रकार या तिन्ही भूमिका इथे एकाच व्यक्तीकडे होत्या. निरोगी माणसाने स्वतःसाठी करायचा अभ्यास म्हणून उत्स्फूर्त चित्रणाला या पुस्तकाने मान्यता मिळवून दिली.

या साऱ्या खोल्यांत सर्वांत काटेकोर खोली आर्नो स्टर्नची. १९२४ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे ज्यू कुटुंबात जन्मलेला स्टर्न नाझींमुळे लहानपणीच देशोधडीला लागला आणि युद्धाचा काही काळ त्याने स्वित्झर्लंडच्या निर्वासित छावण्यांत काढला. १९४६ मध्ये पॅरिसजवळच्या एका आश्रमात युद्धात अनाथ झालेल्या मुलांना गुंतवून ठेवण्याचे काम त्याला मिळाले. त्याने त्यांच्या हातात रंग दिले. पुढे पॅरिसमध्ये त्याने स्वतःची चित्रशाळा काढली आणि तिची रचना वर्षानुवर्षे घासून पक्की केली. खोलीला खिडकी नाही. कागद भिंतीवर टाचलेले, आणि भिंतीवर आधीच्या रंगांचे असंख्य थर. मध्यभागी एक लांब टेबल, त्यावर अठरा रंग आणि त्यांचे कुंचले. लहान मुले आणि प्रौढ एकत्र रंगवतात. चित्राविषयी कोणी काही विचारत नाही, स्तुतीही करत नाही. शिक्षक म्हणावा तर तो सेवकासारखा : टाचणी आड आली तर ती हलवायची, ओघळ पुसायचा, उंचीसाठी स्टूल द्यायचे, चित्र कागदाबाहेर जाऊ लागले तर शेजारी दुसरा कागद जोडायचा. चित्र घरी न्यायचे नाही. ते तिथेच जपून ठेवले जाते. पाहणाराच नसेल तर दाखवण्यासाठी रंगवणे आपोआप थांबते, हे त्यामागचे सूत्र. स्टर्नला चिकित्सा आणि कला हे दोन्ही शब्द मान्य नव्हते. माणसाच्या हातात काही मूळ आकार उपजतच असतात, असे त्याचे मत होते आणि ते पडताळण्यासाठी तो शाळा न पोहोचलेल्या अनेक दूरच्या प्रदेशांतही गेला. हा त्याचा सिद्धांत सर्वांनी स्वीकारलेला नाही. त्याच्या खोलीची घडी मात्र अनेक देशांत उचलली गेली.

मुंबईत या काळात चित्रकारांनी अंतःप्रेरणेचा वेगळाच अर्थ लावला. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई संस्थेत पन्नासच्या दशकात चित्रकार, संगीतकार आणि नाटकवाले शेजारी शेजारी काम करत. तिथल्या चित्रकारांत वासुदेव गायतोंडेही होते. क्लेच्या प्रभावातून पुढे जात त्यांनी ओळखीचे आकार सोडले आणि रोलर आणि चाकू यांनी रंगाचे थर चढवत, खरवडत कॅनव्हास घडवला. वर्षभरात त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. आतून उमटणे म्हणजे भराभर रंगवणे नव्हे. दीर्घ काळ थांबणे हाही त्याचाच भाग असू शकतो, हे त्यांच्या कामातून दिसते. प्रभाकर बरवे यांनी कोऱ्या पृष्ठभागासमोर उभ्या राहिलेल्या चित्रकाराच्या मनात काय चालते याची बारकाईने नोंद ठेवली. १९९० मध्ये आलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठीत या विषयावरचे महत्त्वाचे पुस्तक आहे.

साठच्या दशकापासून दोन वाटा स्पष्ट वेगळ्या झाल्या. कलोपचार म्हणजे आर्ट थेरपी हा पदवी आणि नोंदणी असलेला व्यवसाय बनला. ब्रिटनमधली व्यावसायिक संघटना १९६४ मध्ये, अमेरिकेतली १९६९ मध्ये स्थापन झाली. दुसरी वाट कार्यशाळांची. फ्रान्समध्ये मुक्त चित्रशाळेत रंगवलेली मिशेल कासू सॅन फ्रान्सिस्कोला आली आणि तिने प्रौढांसाठी असे वर्ग चालवले. तिच्या पुस्तकांतून नव्वदच्या दशकात ही रीत दूरवर पोहोचली. चित्राचा निकाल द्यायचा नाही, नकोसे वाटणारे रूप टाळायचे नाही, चित्र पुरे झाले असे वाटल्यावरही थोडे पुढे जायचे, हे या वर्गांचे नियम. व्यवसायाकडे प्रशिक्षण आणि रुग्णाची जबाबदारी आहे; कार्यशाळेकडे मोकळीक आहे, पण खोल आघात वर आला तर सांभाळणारे कोणी असेलच असे नाही.

आतून आलेले चित्र कोणाचे, हा प्रश्न मात्र दोन्ही वाटांवर अजून चर्चेत आहे. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने १९३९-४० मध्ये उपचारांदरम्यान आपली रेखाटने युंगवादी डॉक्टर जोसेफ हेंडरसनला दिली होती. १९७० मध्ये हेंडरसनने ती विकली आणि त्यावरून पोलॉकची पत्नी ली क्रासनर न्यायालयात गेली. प्रिन्झहॉर्नने रुग्णांची ओळख झाकण्यासाठी टोपणनावे वापरली होती. ब्यूलरला त्याने ‘पोल’ म्हटले होते. आता त्या संग्रहातल्या चित्रांखाली शक्य तिथे खरी नावे लिहिली जातात. गुप्तता राखणे हे रुग्णाच्या हिताचे, आणि चित्रकार म्हणून नाव मिळणे हेही त्याच्याच हक्काचे. म्हणून चित्र जपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या संस्था आज संमती, मालकी आणि श्रेय यांचे नियम नव्याने लिहीत आहेत.